साल कुठलं?

गेल्या रविवारी नंदाखालला एका मित्राच्या घरी जेवायला गेलो होतो. इंजिनीअरिंगची चार वर्षं आम्ही एकाच बाकावर काढली, त्यामुळे त्याच्या घरी मला पाहुणा कुणी समजत नाही. विरार स्टेशनपासून रिक्षानं फार लांब नाही, पण नंदाखालला पोचलं की आपण त्याच शहरात आहोत यावर विश्वास बसत नाही. विहीर, केळी, जास्वंद, आणि घरात आपसात कादोडी बोलणारी माणसं. (माझ्याशी मराठीत बोलतात. मला कादोडी निम्मी कळते आणि उरलेली निम्मी कळल्यासारखं मी करतो.)

बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी झाल्यावर आंटींनी कपाटातून तीन बाटल्या काढल्या. सरबताच्या जुन्या बाटल्या, आत घरची वाइन. प्रत्येकीवर कागदी चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर पेनानं लिहिलेलं: 'मार्च १९', 'एप्रिल २०' आणि तिसरीवर नुसतंच '२३'. वसईतल्या ख्रिस्ती घरांमध्ये नाताळची वाइन अशी घरीच होते, हे इथल्यांना सांगायला नको. हंगामात काळी द्राक्षं घ्यायची, धुऊन सुकवून चुरडायची, चिनी मातीच्या बरणीत साखर, यीस्ट आणि मूठभर गहू घालून फडकं बांधायचं, रोज लाकडी चमच्यानं ढवळायचं. एकवीस दिवसांनी गाळायचं आणि नाताळपर्यंत विसरून जायचं.

नाताळ उलटून गेल्यावरही या तीन बाटल्या मागे राहिल्या होत्या. मित्र म्हणाला, "चल, टेस्टिंग करू." मग तीन स्टीलच्या वाट्या आल्या, कारण सगळे चांगले ग्लास कुणाच्या तरी लग्नात गेले होते ते अजून परत आलेले नाहीत.

तिन्ही वाइन वेगळ्या होत्या. थोड्याफार नाही, सरळ वेगळ्या. कृती एक, बरणी एक, हात जवळपास तेच. १९ ची गोडसर, सरळसाधी, दालचिनीचा वास येणारी. २० ची जवळजवळ कोरडी, आंबट, आणि गिळल्यावर जिभेवर कोऱ्या चहासारखा तुरटपणा ठेवणारी. २३ ची गोडमिट्ट, खोकल्याच्या औषधाची लांबची बहीण म्हणावी अशी. मला अर्थातच २० ची आवडली.

तर मंडळी, त्या दुपारपासून डोक्यात हा किडा आहे. बाटलीवर जे साल लिहितात, ज्याला वाइनवाले 'व्हिंटेज' म्हणतात, ते नक्की काय सांगतं? सोमवारी ऑफिसात बिल्ड चालू असताना (म्हणजे दिवसातला बराच वेळ) हेच वाचत बसलो.

पहिला धक्का इथेच बसला. 'वाइन जितकी जुनी तितकी चांगली' ही म्हण वाटते तितकी पुराणी नाही. माणूस हजारो वर्षं वाइन पितोय, पण युरोपात अनेक शतकं किंमत असायची ती नव्या वाइनला. पिंपात ठेवलेली वाइन हवा लागून वर्षभरात आंबायला लागायची, मग जुनी विकत घेणार कोण? सतराव्या-अठराव्या शतकात मजबूत काच आणि घट्ट बसणारं बूच एकत्र आलं, बाटली आडवी ठेवायची सोय झाली, आणि तेव्हा कुठे एखाद्या सालाची वाइन वीस-तीस वर्षं टिकवणं सोपं झालं. म्हणजे सालाला आज जसा भाव येतो, त्याचा इतिहास जेमतेम तीनशे वर्षांचा.

पण वाइनच्या आधीही द्राक्षतोडणीच्या तारखा मात्र लिहिल्या जात होत्या. फ्रान्समध्ये तोडणी कधी सुरू करायची हे गावातली अधिकारी मंडळी जाहीर करत आणि त्याची नोंद ठेवत. एम्मान्युएल ल रॉय लादुरी नावाच्या फ्रेंच इतिहासकारानं ह्या शेकडो वर्षांच्या नोंदी वाचून काढल्या आणि १९६७ साली हवामानाचा इतिहास लिहिला. तर्क सोपा आहे. उन्हाळा कडक तर द्राक्ष लवकर पिकतं, उन्हाळा थंड तर उशिरा. थर्मामीटर नसलेल्या शतकांचं तापमान द्राक्षांनी लिहून ठेवलेलं होतं. १८१५ साली इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला, त्याच्या राखेनं आणि वायूंनी ऊन अडवलं, आणि १८१६ साली युरोपात उन्हाळाच आला नाही. त्या वर्षीची तोडणी भलतीच लांबली आणि वाइन पांचट झाली. आमच्या भाषेत सांगायचं तर ती लॉग फाइल आहे. कुणी मुद्दाम वाचण्यासाठी लिहिली नव्हती, पण काहीतरी कोसळल्यावर तीच उघडावी लागते.

मग आपल्याकडे, वसईत, अशी नोंद का नाही? आपल्याकडे पोर्तुगीज होते ना! १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहानं वसई त्यांच्या हवाली केली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेईपर्यंत ते इथे ठाण मांडून होते. दोनशे वर्षं. मिस्सेला द्राक्षाचीच वाइन लागते, दुसरं काही चालत नाही, त्यामुळे इथल्या चर्चसाठी वाइन लागणार हे उघड. पण आपल्या खाऱ्या, दमट हवेत वाइनची द्राक्षं कोण पिकवणार? ती यायची जहाजातून. लिस्बनहून गोवा म्हणजे सहाएक महिन्यांचा प्रवास, त्यात विषुववृत्त दोनदा ओलांडायचं. पिंप हिंदकळत, तापत येणार. अशा वाइनचं साल विचारण्यात काय अर्थ? टिकावी म्हणून पुढे पोर्तुगीज तिच्यात ब्रँडी मिसळायला लागले, आणि तापून-हिंदकळून आलेली मदेरा बेटावरची वाइन लोकांना उलट जास्त आवडायला लागली, ही आणखी एक गंमत.

इथली खरी वाइन होती झाडावर. गार्सिया द ओर्ता ह्या पोर्तुगीज वैद्यानं १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात नारळाच्या झाडातून निघणाऱ्या 'सुरा'बद्दल आणि ती गाळून केलेल्या दारूबद्दल लिहिलं आहे. (ह्याच गृहस्थांकडे वसईच्या अमलाखालचं मुंबई बेट भाडेपट्ट्यानं होतं. आज तिथे वन रूम किचन परवडत नाही.) आता माडी म्हणा, ताडी म्हणा, तिचं साल नसतं, तिचा वार नसतो, तिचा तास असतो. पहाटे मडकं उतरवलं तेव्हा गोड, दहा वाजता फेस धरलेली, दुपारी डोक्यात जाणारी, संध्याकाळी शिर्क्याच्या वाटेवर. हवेतलं यीस्ट आपल्या उकाड्यात इतक्या वेगानं काम करतं की युरोपात जे आठवड्यांत होतं ते इथे ऑफिसला जाऊन यायच्या आत होतं. जुनं होण्याची सवलतच नाही, तर साल कुठून येणार?

म्हणून सालाची गोष्ट महाराष्ट्रात सुरू होते ती घाटावर, आणि तीही कालपरवा. नारायणगावला श्यामराव चौगुल्यांनी १९८० च्या दशकात फ्रेंच तंत्र आणून फेसाळती वाइन काढली, 'ओमर खय्याम' नावानं ती परदेशात गेली. त्यानंतरचं नाव सगळ्यांना माहीत आहे. राजीव सामंत हा स्टॅनफर्डचा इंजिनीअर ओरॅकलची नोकरी सोडून आला, १९९७ साली नाशिकजवळ घरच्या जमिनीवर वाइनची द्राक्षं लावली, आईच्या सुलभा ह्या नावावरून 'सुला' नाव ठेवलं आणि २००० साली पहिली वाइन बाजारात आणली. (आमच्या टीममधला प्रत्येक जण दर अप्रेझलनंतर आठवडाभर हेच करायचं ठरवतो.) २००१ साली राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, अबकारी कर माफ केला, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क काढले. दहा वर्षांत राज्यात सत्तरच्या आसपास वायनरी झाल्या. त्यातल्या बहुतेक लहान. एखादं कुटुंब, काही एकर बाग, कर्जावर घेतलेल्या स्टीलच्या टाक्या.

आता इथली गंमत अशी की आपलं द्राक्ष कॅलेंडरला उलटं धरून चालतं. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो आणि तोडणी ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये होते. आपल्याकडे वेलाला झोपू देईल एवढी थंडीच नाही. मग शेतकरी वर्षातून दोनदा छाटतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, काडी तयार व्हायला. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, फळ धरायला. जानेवारी ते मार्च तोडणी. म्हणजे पावसाळ्याला बगल देऊन, आपला हिवाळा हाच वेलाचा उन्हाळा करायचा. मला तर हा सगळा प्रकार म्हणजे भन्नाट हॅक वाटतो.

पण हॅक म्हटला की त्यात भोकं आली. पाऊस ऑक्टोबरमध्ये जायला हवा, तो गेलाच नाही तर? २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऐन तोडणीत, राज्यभर गारपीट झाली. २०१८ च्या डिसेंबरअखेर निफाडला पारा १.८ अंशांवर गेला. २०१९ ला ऑक्टोबर-नोव्हेंबर पावसातच गेले, २०२३ ला मार्चमध्ये गारा आणि पुन्हा नोव्हेंबरमध्ये गारा. फुलोऱ्यात पाऊस आला की डाऊनी येतो आणि घड गळतात. पिकायच्या वेळी आला तर मणी पाणी पिऊन तडकतात, साखर पातळ होते, कुजवा लागतो. आणि जानेवारीच्या रात्री गरम राहिल्या तर साखर भरते पण आम्ल उडून जातं, वाइन मग बसकी लागते. साखरेचं गणित तर अगदीच सरळ आहे. लिटरभर रसात साधारण सतरा ग्रॅम साखर म्हणजे वाइनमध्ये एक टक्का अल्कोहोल. चोवीस ब्रिक्सचं द्राक्ष साडेतेरा टक्क्यांच्या आसपास नेतं, वीसचं अकरा-साडेअकरावर अडकतं. एक पाऊस म्हणजे दोन टक्के, असा धडधडीत हिशेब.

मोठ्या वायनरीला ह्याचा त्रास कमी. तिच्याकडे शंभर ठिकाणची द्राक्षं येतात. दिंडोरीला पाऊस झाला तर दुसरीकडचं वापरा, ह्या टाकीतलं थोडं त्या टाकीत घाला, दर वर्षी चव तीच ठेवा. गिऱ्हाइकालाही तेच हवं असतं आणि त्यात चुकीचं काही नाही. मी स्वतः पावभाजी दर वेळी तीच लागावी म्हणून एकाच गाडीवर जातो. लहान बागवाल्याकडे मात्र एकच उतार, एकच विहीर. दोनशे पंचवीस लिटरचं ओकचं पिंप म्हणजे तीनशे बाटल्या. अशी आठ-दहा पिंपं असतील तर त्या सालात जे झालं ते सगळं बाटलीत जातं. लपवायला जागाच नाही.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत आम्ही चौघं मनोर-जव्हार-मोखाडा-त्र्यंबक अशा मागच्या रस्त्यानं नाशिकला गेलो होतो. तिथे अशाच एका लहान बागेत शिराझची दोन सालं शेजारी शेजारी प्यायला मिळाली. एक जाड, मिरीच्या वासाची. दुसरी पातळ, फिकट, पण का कोण जाणे मला जास्त ताजी वाटली. ओतणारा मुलगा त्या दुसऱ्या सालाबद्दल माफी मागितल्यासारखा बोलत होता. "सर, त्या वर्षी तोडणीच्या आधी पाऊस झाला." मग आपणहून म्हणाला, "मोठ्यांनी ही बाटलीच भरली नसती. आम्हाला भरावी लागते." तेव्हा मी हसलो होतो. आता वाटतं, ह्या विषयातलं सगळ्यात खरं वाक्य तेच होतं.

कारण २००८ नंतर जे झालं ते ह्याच 'भरावी लागते'चं. आधी जागतिक मंदी आली, नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली, आणि वाइन तर विकली जायची मुख्यतः तिथेच. टाक्या भरलेल्या आणि पुढची तोडणी तोंडावर. नारायणगावची ती मोठी कंपनीही कर्जाखाली कोसळली. अनेक ठिकाणी शेतकऱ्यांचे द्राक्षांचे पैसे थकले. इथे एक तांत्रिक मुद्दा आहे, जो शहरात बसून लक्षात येत नाही. थॉमसन सीडलेस लावलं असेल आणि वायनरीनं घेतलं नाही, तर ते बाजारात विकता येतं, अगदीच नाही तर बेदाणा करता येतो. कॅबर्ने किंवा शिराझचे मणी बारीक, जाड सालीचे, बियांनी भरलेले. ते कोण खाणार? वायनरीनं पाठ फिरवली की त्या बागेला दुसरं गिऱ्हाईकच नाही. लोकांनी बागा उपटल्या आणि परत खायची द्राक्षं लावली. कित्येक लहान वायनरी बंद पडल्या, काही मोठ्यांत विलीन झाल्या. गंगापूर धरणाच्या काठावरची 'यॉर्क' ही गुरनानी कुटुंबाची. नाव योगिता, रवी, कैलाश ह्या मुलांच्या आद्याक्षरांवरून ठेवलेलं. कैलाश ऑस्ट्रेलियात वाइन करायला शिकून आलेला. २०२१ साली ती सुलानं विकत घेतली. वाइन अजून निघते, चांगलीही असते.

मला चुटपूट लागते ती वेगळ्याच गोष्टीची. २००४, २००६, २००७ ही त्या लहान वायनरींची सालं आता चाखायला मिळणार नाहीत. आपल्या वाइन बहुतेक दोन-तीन वर्षांत प्यायच्या असतात, आणि ठेवणार तरी कोण, कुठे? मे महिन्यात विरारच्या फ्लॅटमध्ये जुनी वाइन ठेवायची म्हणजे लोणचं घालण्यासारखं आहे. बोर्दोची १९६१ किंवा १९८२ ची बाटली अजून लिलावात निघते, तिच्यावर लोक तासन्‌तास भांडतात. आपल्याकडे अख्खं दशक आलं, कर्ज काढून गेलं, आणि कुणाच्या कपाटात त्याची एक बाटली नाही.

आमच्या पालघर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, बोर्डीला, चिकूची वाइन होते. विरारहून डहाणू लोकल पकडून पुढे घोलवडला उतरायचं. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण चिकू जवळपास वर्षभर येत राहतो, त्यामुळे तिथे सालाची गोष्ट द्राक्षाइतकी धारदार नाही. त्यावर पुन्हा कधीतरी, आधी जाऊन पिऊन येतो.

तर परत नंदाखाल. मी तिन्ही वाट्यांपुढे बसून इंजिनीअरसारखं म्हटलं, की आंटी, तुमच्या वाइनमध्ये निम्मी करामत दुकानातल्या साखरेची, तिला साल कसलं! डिबग करताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते, तुमच्या तर चार बदललेल्या दिसतात. आंटी म्हणाल्या, "बदलल्या नाहीत, बदलाव्या लागल्या."

२०२० चा एप्रिल. लॉकडाऊन. निर्यात अडलेली, बाजार बंद, म्हणून नाशिकचा एक टेम्पो थेट गावात आला, दहा किलोची पेटी, भाव मातीमोल. वेलावर राहून अतिपिकलेली द्राक्षं. यीस्टचं पाकीट कुठेच मिळेना, सगळे घरी पाव भाजत होते. साखर जपून वापरायची होती. मग अंकल म्हणाले, सालीवरचंच यीस्ट काम करेल, करू दे त्याला. घरीच होते, दिवसातून चार-चार वेळा ढवळायचे. कमी साखर, जंगली यीस्ट, भरपूर ढवळणं. साखर सगळी संपेपर्यंत फसफसली, आणि सालीतला तुरटपणा उतरला. २०२३ च्या मार्चमध्ये उलटं. अवकाळी पावसाची द्राक्षं, पाणचट, तडकलेली. आंटींनी घाबरून साखर वाढवली, यीस्ट तेवढी पचवू शकलं नाही आणि मध्येच थकलं. उरली ती गोडी.

मधल्या दोन सालांच्या बाटल्या का नाहीत हे मी विचारलं नाही. अंकल २०२१ च्या मे महिन्यात गेले. 'मार्च १९' आणि 'एप्रिल २०' हे अक्षर त्यांचं आहे, तिरकं, महिन्यासकट. '२३' आंटींचं.

निघताना आंटींनी स्वयंपाकघरात बोलावलं. ह्या वर्षीची बरणी शनिवारीच गाळली होती, दोन बाटल्या ओट्यावर होत्या, अजून गढूळ. चष्मा सापडत नव्हता म्हणून चिकटपट्टी आणि पेन माझ्या हातात दिलं. मी साल लिहिलं.

"महिना पण टाक," त्या म्हणाल्या. "ते टाकायचे."